सविताच्या पानावर लिहिलेलं

मी एसटीत कंडक्टर होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं सुरगाण्याच्या मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी नाशिकहून निघायचं, तिकडेच झोपायचं, सकाळी परत यायचं. घरी आलो की माझी बायको लंका ताट वाढायची, समोर बसायची आणि म्हणायची, "हं, सांगा." मग मी सांगायचो. कोण कोंबड्या पिशवीत लपवून गाडीत चढला, द्राक्षाच्या कामाला निघालेल्या कुठल्या बाईचं पोर गाडीतच रांगायला लागलं, ड्रायव्हर कोणावर कशावरून चिडला. लंका मध्ये बोलायची नाही. मी थांबलो की फक्त "मग?" म्हणायची.

एरवी मी बोलका माणूस नाही. गाडीत "पुढे सरका, पुढे सरका" एवढंच बोलणं. बाकीचं सगळं लंकासाठी ठेवलेलं असायचं. रिटायर झालो तरी ते चालूच राहिलं. भाजी आणायला गेलो तरी परत येऊन बाजारात काय झालं ते सांगायचो.

दोन हजार आठच्या श्रावणात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, घरी आलीच नाही. दहाव्याला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, खूप माणसं आली होती. आमच्या नामपूरहून दोन जीपा भरून आल्या, गाडीवरचे जुने ड्रायव्हर आले, सुरगाण्याचा एक म्हातारा तांदळाचं गाठोडं घेऊन आला. घरी येऊन मी खुर्चीत बसलो आणि माझ्या मनात आलं, आता लंकाला सांगावं कोण कोण आलं होतं ते. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की काय झालं आहे.

माझी मुलगी सविता मस्कतला नर्स आहे. ती आली, दिवसकार्य होईपर्यंत राहिली. तिच्या ड्युटीच्या वेळा अशा की फोन कधी जमायचा, कधी नाही. जाताना ती मला आमच्या शेजारच्या ललितकडे घेऊन गेली. ललितने घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे काढला होता. तिथे दोघांनी मिळून मला ऑर्कुटवर खातं काढून दिलं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, तेही शिकवलं. सविता म्हणाली, "आप्पा, हे माझं पान. इथे खाली लिहायचं. मी ड्युटीवरून आले की वाचेन. उत्तरही इथेच लिहीन, म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही."

ललितने एक सांगितलं होतं, "काका, हे सगळ्यांना दिसतं बरं का." मी हो म्हटलं. सगळ्यांना म्हणजे जावयाला, नातवाला, तिच्या सासूला दिसणार, असं मी समजलो. मला ते अंतर्देशीय पत्रासारखं वाटलं. पत्र आलं की घरातली माणसं वाचतातच.

मी रोज संध्याकाळी जायला लागलो. एका बोटाने लिहायचो. पहिल्या दिवशी लिहिलं, "दूध नासलं. सगळं टाकून दिलं. बाकी ठीक." दुसऱ्या दिवशी बघितलं तर खाली सविताने एकच शब्द लिहिला होता, "मग?"

तिथून माझा हात सुटला. मी सगळं लिहायला लागलो. कुकरची शिटी कुठे ठेवली ते सापडत नाही, आमच्या हिरावाडीत नळाला पाणी कधी आलं, कोण भेटलं, दहाव्याला कोण काय घेऊन आलं होतं. लंकाचा कंगवा आरशाजवळ तसाच आहे, त्यात केस अडकलेले आहेत, मी काढत नाही, बघून रडलो, हेही लिहिलं. आणि जेवणाचं लिहिलं. ललितची आई मंगलाबाई मला रोज एका वेळची भाजी देत होती. बाई निफाडकडची, हाताला झणझणीत चव, पण मिठाचा अंदाज नाही. मी सविताला लिहिलं, "मंगलाबाईची वांग्याची भाजी चांगली असते, पण मीठ घालायचं विसरते. मी वरून घेतो. तिला काही बोललो नाही, माणूस प्रेमाने देतं." पुढे एकदा असंही लिहिलं, "आजकाल मीठ बरोबर असतं. बहुतेक तिचं तिलाच कळलं असेल."

दिवाळी आली. आमच्याकडे ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, त्या घरात दिवाळीचं तळण होत नाही. भाऊबंद आणि शेजारी आणून देतात, तेवढंच. मी सविताला लिहिलं, "यंदा आपल्याकडे काही होणार नाही. लंका बेसनाचे लाडू करायची ते आठवले. बेसन भाजायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत वास जायचा. बाकी ठीक."

वसुबारसेला दुपारी दारात एक बाई उभी. साठीच्या आतबाहेर, नीटनेटकी, हातात स्टीलचा डबा. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी लताबाई. नाशिकरोडला राहते. माझी मुलगी तुमच्या सविताबरोबरच आहे, एकाच दवाखान्यात. हे बेसनाचे लाडू. लंकाबाईंसारखे झाले नसतील, पण मंद आचेवर भाजलंय."

मी डबा घेतला. मग विचारलं, लाडवाचं तुम्हाला कोणी सांगितलं? ती हसली. "तुम्हीच लिहिलं ना. मी रोज वाचते. मुलीने दाखवलं होतं एकदा, तेव्हापासून सवयच लागली. दूध नासलं तर टाकू नका हो, त्याचा कलाकंद होतो."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर सरळ ललितकडे गेलो. त्याला म्हटलं, ही बाई माझी पत्रं कशी वाचते? ललितचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काका, पत्रं नाहीत ती. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. स्क्रॅपबुक म्हणजे चौकातला फळा. येणारा जाणारा वाचतो." मग त्याने माझं स्वतःचं पान उघडलं. ते मी कधीच उघडलं नव्हतं. तिथे लोकांनी लिहून ठेवलेलं होतं. कुठली कुठली माणसं. कोणी पुण्याची, कोणी शारजाची. एकाने लिहिलं होतं, माझी आई गेली तेव्हा वडील काही बोलले नाहीत, तुमचं वाचून ते कसे असतील ते कळलं. एकीने कुकरची शिटी कुठे मिळते ते दुकानाच्या पत्त्यासकट लिहिलं होतं. कंगव्याच्या दिवशी तर पान भरून गेलं होतं.

मी वाचत गेलो. लोकांनी वाईट काही लिहिलं नव्हतं. पण मी कंगव्याचं, रडल्याचं सविताला सांगितलं होतं, आणि ते शारजाच्या माणसाने वाचलं होतं. तेवढ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी ललितला विचारलं, तुझी आई वाचते का हे? तो म्हणाला, तिला वाचता येत नाही. मी सुटलो असं वाटलं. मग तो खाली बघत म्हणाला, "रोशनी वाचून दाखवते. रोज." रोशनी म्हणजे त्याची बायको.

म्हणजे मीठ आपोआप बरोबर झालेलं नव्हतं.

मी लिहिणं बंद केलं. सविताचा फोन आला. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. ती म्हणाली, आपण मेल करू, ते बंद असतं. एकदोन मेल केल्या. पण मेल लिहायला बसलो की काय लिहावं सुचेना. माझी तब्येत ठीक आहे, तुमची ठीक असेल, एवढ्यावर संपायचं. घरी ताट वाढून घ्यायचो, जेवायचो, भांडं घासायचो. दिवसभरात काही घडलं तरी ते तिथेच राहायचं, पुढे कुठे जायचं नाही. पुन्हा दहाव्याच्या संध्याकाळसारखं व्हायला लागलं.

मंगलाबाईची भाजी येत होती. मी डबा धुऊन परत द्यायचो, पण तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

जानेवारीत ललितने नवीन काढलं. म्हणाला, काका, तुम्ही लिहीत होता ते ब्लॉग होता, फक्त चुकीच्या जागी होता. आपण तुम्हाला तुमचा स्वतःचा ब्लॉग काढून देऊ. त्याच्या कॅफेत महिन्यातून एकदा रविवारी ब्लॉग लिहिणारे पाचसात जण जमायचे. मला त्याने बळेच नेऊन बसवलं. त्यात यादव सर होते. निवृत्त मास्तर, पंचवटीतल्या जुन्या देवळांवर ब्लॉग लिहायचे, फोटो टाकायचे. सगळे त्यांना मानायचे.

ललितने माझं सांगितलं. यादव सर म्हणाले, "हे ब्लॉग नाही. ब्लॉग म्हणजे आपली जागा, आपलं नाव, आपली जबाबदारी. वाचणारा तुमच्या दारात येतो. स्क्रॅप म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिणं. उद्या चार जणांनी 'हॅपी संक्रांत' टाकलं की यांचं खाली गेलं. संपलं."

ललित म्हणाला, "सर, लोक रोज येऊन वाचतात, उत्तर देतात. बंद झालं तर विचारतात. तुमच्या ब्लॉगवर येतात का एवढे?"

हे सरांना लागलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मग एसटीच्या सीटमागे नाव कोरतात ते पण लेखकच म्हणायचे. काय कारभारी?"

मी म्हटलं, "ते मी पुष्कळ वाचलंय, सर. काही काही बरं असतं."

सगळे हसले. सरही हसले. पण पुढे तासभर तेच चाललं. एक जण म्हणाला, तारीख असली की ब्लॉग. दुसरा म्हणाला, विषय पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं होतं की ब्लॉगवाल्याला कोणी वाचावं अशी अपेक्षा नसते, यावर बाकीच्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. शेवटी मला विचारलं. मी सांगितलं की मला यातलं कळत नाही. मी मुलीला सांगत होतो. ब्लॉग करतोय असं वाटलं असतं तर एक अक्षर लिहिलं नसतं. यादव सर ललितला म्हणाले, "ऐकलंस? हेच मी म्हणतोय."

तरी ललितने ब्लॉग काढून दिलाच. 'मुक्कामी गाडी' असं नावही त्यानेच दिलं. छान होतं पान, वर एसटीचं चित्र. मी बसलो. समोर पांढरी चौकट. सविताच्या पानावर वर तिचा फोटो असायचा, हॉस्पिटलच्या कपड्यातला. इथे कोणी नव्हतं. मी लिहिलं, "आज सकाळी उठलो." मग विचार केला, हे कोणाला सांगतोय? खोडलं. बऱ्याच वेळा बसलो, बऱ्याच वेळा खोडलं. ललितला म्हटलं, सरांचं बरोबर आहे, मला ब्लॉग येत नाही.

एप्रिलमध्ये आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. बाई सवाष्ण गेली असेल तर तिच्या जागी एका सवाष्णीला पाटावर बसवून पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवू घालतात. ती जेवली की आपली जेवली. नामपूरला भावाच्या घरी सगळ्यांच्या घागरी एकत्र भरतात. भावाचा निरोप आला, या. पण लंकाची पहिली घागर होती. तिने सगळा संसार या हिरावाडीच्या स्वयंपाकघरात केला. ती मला इथेच भरायची होती.

घागर आणली. पुरणाचं मंगलाबाईने अंगावर घेतलं. सवाष्ण मात्र मिळेना. आखाजीला सगळ्या लेकी-सुना माहेरी जातात. रोशनी गेली होती, समोरची गेली होती, गल्लीत नवरा असलेली एक बाई शिल्लक नव्हती. मंगलाबाईला यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. आदल्या दिवशी ती डाळ निवडायला माझ्या ओट्यावर बसली आणि मी घरात येरझारा घालत होतो.

ती म्हणाली, "मग लिवा ना सविताला. ती शोधून काढंल कोणीतरी."

मी म्हटलं, मी लिहीत नाही आता.

"ते ठावं हाय. दिवाळीपासून ठावं हाय." ती डाळ निवडतच होती. "भाऊ, एक सांगू का? रोशनी वाचायची तव्हा मी संध्याकाळी दुसरं काम ठेवत नव्हते. आमचे हे असे कधी बोललेच नाय माझ्याशी. जेवण झालं की बाहेर. तुम्ही लंकाबाईला एवढं सांगायचे, ते मला काय ठावं? रोशनीनं वाचलं तव्हा कळलं."

मी येरझारा थांबवल्या. मग विचारलं, मिठाचं ऐकल्यावर राग नाही आला?

"आला ना. दोन दिस भाजीच देऊ नये वाटलं." ती हसली. "मंग चाखून पाहिली. खरंच मीठ नव्हतं."

मी चपला घातल्या आणि ललितकडे गेलो. सविताचं पान उघडलं. वर तिचा फोटो होता. आता मला माहीत होतं की नाशिकरोडची लताबाई वाचणार, शारजाचा माणूस वाचणार. तरी फोटोकडे बघून लिहिलं, "सविता, उद्या आईची घागर भरायची आहे. पुरण मंगलाबाई करणार आहे. सवाष्ण मिळत नाही, सगळ्या माहेरी गेल्या. आईला लोकांनी आपल्याकडे जेवलेलं फार आवडायचं. कोणाला यायला जमलं तर यावं. घर मारुतीच्या देवळामागे, ललितच्या कॅफेशेजारी." लिहून झाल्यावर खोडलं नाही.

सकाळी मी पाट मांडला, रांगोळी ओढता येईल तशी ओढली. पाण्याने भरलेली घागर ठेवली, तिच्यावर खरबूज ठेवलं. आंबे पिळले. पहिली लताबाई आली. नाशिकरोडहून नवऱ्याला घेऊन आली होती, म्हणाली, सवाष्ण असल्याचा पुरावा बरोबर आणलाय. तिला पाटावर बसवतोय तोवर एक तरुण बाई आली, बँकेत नोकरीला, माहेर जळगावला पण सुट्टी नव्हती म्हणून इथेच राहिलेली. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. ती मला म्हणाली, "काका, कुकरच्या शिटीचं मीच लिहिलं होतं." मी म्हटलं, तुमच्या पत्त्यावरून आणलेली शिटी अजून चालते. दुसरा पाट मांडला.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. यादव सर. मागे त्यांच्या मिसेस, जरीची साडी, हातात मोगऱ्याचा गजरा. सर स्कूटर लावत म्हणाले, "ब्लॉग नाही तो. आजही नाही म्हणतो. पण तुमची वहिनी रोज विचारत होती, कंडक्टरसाहेबांनी लिहायचं का सोडलं म्हणून. मी काय सांगणार, मीच वाद घातला होता."

वहिनी म्हणाल्या, "हे स्वतःही वाचायचे. माझ्या आधी वाचायचे." सर देवळाकडे बघायला लागले.

घरात पाट दोनच होते. ललित पळत जाऊन त्यांच्याकडचा घेऊन आला. लंकाच्या जागी तिघी बसल्या. मी तिघींना हळदकुंकू लावलं, गजरा वहिनींनी घागरीला घातला. वाढायला मीच होतो. मंगलाबाई स्वयंपाकघरातून पोळ्या देत होती आणि बाहेर येत नव्हती. आज आपल्यासारख्या बाईनं समोर यायचं नसतं, असं म्हणाली. लताबाईने ते ऐकलं. ताटावरून उठता येत नाही म्हणून तिथूनच मोठ्याने सांगितलं की मंगलाबाई दारात येऊन बसल्याशिवाय आपण घास उचलणार नाही. बाकीच्या दोघीही हात बांधून बसल्या. शेवटी मंगलाबाई आली, उंबऱ्याला टेकून बसली, आणि तिघी जेवायला लागल्या.

मी रस वाढत होतो. जेवताना बायका बोलत होत्या. लंका कशी होती ते मला विचारत होत्या आणि मी काही सांगायला लागलो की निम्मं त्यांना आधीच माहीत असायचं. सुरगाण्याच्या तांदळाच्या गाठोड्याचं लताबाईने मंगलाबाईला सांगितलं. माझ्या बायकोला कधी न पाहिलेल्या बायका माझ्या घरात बसून तिच्याबद्दल बोलत होत्या, आणि एकमेकींचं चुकलेलं दुरुस्त करत होत्या. मी वाटी हातात घेऊन ऐकत होतो. मला फार बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत असं वाटलं नव्हतं.

निघताना प्रत्येकीची ओटी भरली. यादव सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आता परत चालू करणार ना? ललितच्या त्या ब्लॉगवर करा, निदान जपून राहील. मी म्हटलं, सर, सविताच्याच पानावर करीन. ते खाली गेलं तर जाऊ दे. सर म्हणाले, म्हणजे तुम्हीही माझ्याच बाजूचे. मी म्हटलं, तसं समजा.

लताबाई चपला घालता घालता थांबली. "आज काय काय झालं ते संध्याकाळी लिहाल ना?"

मी म्हटलं, तुम्ही तर इथेच होता, तुम्हाला सगळं माहीत आहे.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही कसं सांगता ते ऐकायचंय."

लिहितो म्हणालो. तिचा नवरा रिक्षा घेऊन आला होता. त्यांना बसवून दिलं आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. घरात मंगलाबाई अजून जेवायची होती. तिचं ताट मी वाढलं आणि समोर बसलो.